पुसलेली कामं फोनवर का उरतात

ॲपची सगळी कामं सर्व्हरवरच्या काउचडीबी या डेटाबेसमध्ये असतात आणि प्रत्येकाच्या फोनवर पाउचडीबीत, म्हणजे त्याच्याशी सिंक होणाऱ्या छोट्या डेटाबेसमध्ये, फक्त त्याची त्याची उतरतात. मध्ये एक फिल्टर फंक्शन आहे: टाइप 'काम' आणि मालक हाच माणूस, तरच डॉक्युमेंट पुढे जाणार. तक्रार अशी आली की सर्व्हरवर पुसलेली कामं फोनवर तशीच दिसतात. सिंक चालू, एरर नाही, लॉग स्वच्छ. असले बग मला फार छळतात. काहीतरी लाल दिसलं तर निदान बोट ठेवायला जागा मिळते!

अशा वेळी मी आधी फोनकडे बघतच नाही. सर्व्हरच्या चेंजेस फीडला, म्हणजे झालेल्या बदलांच्या यादीला, तोच फिल्टर आणि तेच पॅरामीटर देऊन थेट विचारते. पुसलेल्या डॉक्युमेंटचा आयडी तिथेही आला नाही, तर फोन आणि नेटवर्क दोघंही सुटले. इथे तो नव्हताच.

काउचडीबीत डिलीट म्हणजे डॉक्युमेंटची आणखी एक रिव्हिजन, नवी आवृत्ती. साधी डिलीट रिक्वेस्ट पाठवली की मागे जो टूमस्टोन उरतो, त्यात आयडी, रिव्हिजन आणि डिलीटेडची खूण एवढंच असतं. टाइप गेला, मालकही गेला. फिल्टर मालक शोधतो, सापडत नाही म्हणून फॉल्स देतो, आणि डॉक्युमेंट पुसल्याची बातमी फोनपर्यंत पोचतच नाही.

फिल्टरमध्ये 'डिलीटेड असेल तर ट्रू' ही ओळ घातली की हे सुटतं, पण मग सगळ्यांचे टूमस्टोन सगळ्यांच्या फोनवर जातात. मला दुसरी रीत आवडते: डिलीट न पाठवता डॉक्युमेंट अपडेट करायचं, डिलीटेड ट्रू करायचं आणि टाइप व मालक तसेच ठेवायचे. पुढच्या कामांसाठी तेच केलं. जुन्या टूमस्टोनमध्ये मात्र मालकच नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी ती ओळ घालावीच लागली.

घातली, आणि फोनवर काहीच बदललं नाही.

इथे खरी गंमत आहे. रेप्लिकेशन, म्हणजे एका डेटाबेसमधले बदल दुसऱ्यात उतरवणं, कुठवर आलं याचा चेकपॉइंट रेप्लिकेशनच्या आयडीला बांधलेला असतो. काउचडीबीचा स्वतःचा रेप्लिकेटर तो आयडी काढताना फिल्टरचा कोडही धरतो, म्हणजे कोड बदलला की सुरुवात शून्यापासून. पाउचडीबीला सर्व्हरवरच्या फिल्टरचं फक्त नाव माहीत असतं. नाव तेच, तर आयडी तोच, चेकपॉइंटही जुनाच. एकदा ओलांडलेले बदल तो पुन्हा कशाला बघेल? फिल्टरला नवं नाव दिलं, ॲपमध्ये तेच नाव टाकलं, आणि फोन पहिल्यापासून फीड वाचू लागले. हे वाटतं तितकं महाग पडत नाही, कारण जी रिव्हिजन फोनवर आधीच आहे ती पुन्हा उतरत नाही. सर्व्हरला मात्र प्रत्येक बदलावर ते जावास्क्रिप्ट चालवावं लागतं, म्हणून सगळ्या फोनना एकाच दिवशी अपडेट देऊ नये.

जाता जाता: क्वेरी पॅरामीटर, म्हणजे फोन फिल्टरला पाठवतो त्या किमती, फिल्टरमध्ये स्ट्रिंग (मजकूर) म्हणून येतात. डॉक्युमेंटमध्ये शाखा ७ हा आकडा असेल आणि तुलना तीन बरोबर-चिन्हांनी, म्हणजे प्रकारही जुळायलाच हवा अशी, केली असेल, तर एकही डॉक्युमेंट येणार नाही, आणि एररही नाही.

उरला मालकबदल. काम एकाकडून काढून दुसऱ्याला दिलं की नव्या रिव्हिजनवर मालक दुसराच असतो, म्हणून पहिल्याच्या फोनवर ती येत नाही आणि त्याच्याकडे जुनी प्रत राहते. फिल्टर पुढे काय जायचं ते ठरवतो, आधी पोचलेलं परत मागवत नाही. काउचडीबी २.० पासून आलेला सिलेक्टर (कोडऐवजी नुसत्या अटी लिहायच्या) वापरला तरी तेच, फक्त जावास्क्रिप्टचा भार जातो.

कुणीतरी सुचवलं, फोनवरच डिलीट करा. करून बघू नका! ते डिलीट पुढच्या सिंकला सर्व्हरवर जातं; नव्या मालकाची प्रत त्यातून वाचते, पण त्या डॉक्युमेंटच्या इतिहासात एक पुसलेली फांदी उगाच राहते. आम्ही डॉक्युमेंटमध्ये 'आधीचा मालक' हे फील्ड ठेवलं, फिल्टर दोघांनाही जाऊ देतो आणि ॲप आधीच्या मालकाला ते काम दाखवत नाही. माहिती गोपनीय असेल तर हे चालणार नाही. तिथे प्रत्येकाचा वेगळा डेटाबेसच हवा. तसंही, फिल्टरला कुलूप समजून बसलेला कोड मी बराच पाहिला आहे. ज्याला डेटाबेस वाचायची परवानगी आहे, तो फिल्टर न लावताही सगळं वाचू शकतो.