तुम्ही विचारलंत म्हणून: आधी नातेवाईक की आधी डोंगर?

मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन हिमालयात चालायला जायचं आणि वाटेत ग्वाल्हेरच्या काका-काकूंकडेही राहायचं, असा बेत पुण्या-मुंबईच्या बऱ्याच घरांत शिजतो. मग प्रश्न येतो, "आधी नातेवाईक उरकावेत की आधी डोंगर?" 'उरकावेत' हा शब्द काकूंच्या कानावर जाऊ देऊ नका. उत्तर असं: जाताना एक दिवस, येताना आठवडा. हे उलट केलं की बेत बिघडतो, आणि बिघडतो तो डोंगरावर नाही, तर डोंगराकडे जाणाऱ्या गाडीत.

कारण पोट. खाण्यापाण्यातून बाधलं तर पोट बहुतेक वेळा त्याच दिवशी बिघडत नाही, एक ते तीन दिवस घेतं. ग्वाल्हेरात सकाळी बेडई, दुपारी श्रीखंड, संध्याकाळी कोपऱ्यावरची कचोरी असे चार दिवस काढले, तर हिशेब चुकता होतो तो मसुरीच्या पुढच्या वळणांवर किंवा सांकरीच्या, म्हणजे हर की दून ट्रेकच्या पायथ्याच्या गावातल्या, थंडीत. सर्दीचंही तेच. चुलत भावंडं एका गादीवर झोपतात, सर्दी वाटून घेतात आणि दोन दिवसांनी नाक चोंदतं. तीन हजार मीटरवर चोंदलेल्या नाकाने झोप लागत नाही, डोकं दुखतं, आणि ते सर्दीने दुखतंय की उंचीने हे कळेनासं होतं. शिवाय मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. भर दुपारी गच्चीवर पतंग उडवून सुकलेलं मूल डोंगर चढायच्या कामाचं नसतं.

म्हणून फोनवर आधीच स्पष्ट सांगून टाकावं: "काकू, जाताना एकच दिवस. रात्री वरण-भात, सकाळी पोहे. मोठं जेवण परत आल्यावर, तेव्हा तुम्ही म्हणाल ते." तारखाही सांगाव्यात, 'येतो एखाद-दोन दिवस' म्हणू नये. तारीख न सांगितल्यामुळे जेवढी नाराजी होते तेवढी कमी राहिल्याने होत नाही.

आंबे न्यायचेच असतील तर जातानाच न्या. पाच डझनांची हापूसची पेटी चौदा-पंधरा किलोंच्या घरात जाते. पाठीवर सॅक, हातात मूल आणि वर ती पेटी हा प्रकार नको. दोन डझनांचा भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका पुरे, पाच-सहा किलोंत भागतं. फळ जून झालेलं पण हिरवं, कडक घ्यावं आणि पेंढ्यात बसवावं. खोका खालच्या बर्थखाली ठेवावा, खिडकीच्या उन्हात नाही. पोचल्यावर तो लगेच उघडायला सांगा. घरातल्या सगळ्यात थंड खोलीत पेंढ्यावर एकाच थरात आंबे पसरायचे, एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत. कोकणात आठ-दहा दिवस घेणारा आंबा तिथल्या उष्म्यात लवकर पिकतो, म्हणून तिसऱ्या दिवसापासून रोज वास घ्यायचा. पिकेल तो त्यांनी खायचा. उरलेल्यांचा रस काढून फ्रीजरमध्ये ठेवला की परतीच्या जेवणाची अर्धी तयारी झाली. "तुम्ही आल्यावरच कापू" म्हणून थांबले तर निम्मे आंबे सुरकुततात.

आता गाड्या. रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात निघायचं तर मार्चच्या पहिल्या आठवड्यात सकाळी आठला बसावं लागतं, ऐन परीक्षांच्या दिवसांत. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं. अर्ध्या भाड्यात बर्थ मिळत नाही. लांबच्या प्रवासात तिथे पैसे वाचवू नयेत. मुंबईहून पंजाब मेल संध्याकाळी निघते आणि भुसावळ, भोपाळ, झाशीवरून दुसऱ्या दिवशी ग्वाल्हेरला टेकते. पुढे दिल्ली, दिल्लीहून देहरादून. परतीचं तिकीट देहरादूनपासून काढताना डोंगरातून उतरल्यावर एक पूर्ण दिवस मोकळा सोडा. तो मसुरी बघण्यासाठी नाही. रस्त्यावर दरड आली, जीप अडकली, मुलाला ताप आला, यांपैकी एक काहीतरी होईल असं धरून चालायचं.

सामानाचे दोन भाग करा. एक घरची बॅग, तिच्यात चांगले कपडे, चपला, भेटवस्तू, मुलांचे पत्ते आणि कॅरम स्ट्रायकर. ही ग्वाल्हेरलाच राहते आणि परतल्यावर उघडते. दुसरी चालायची सॅक. इथली नेहमीची चूक म्हणजे औषधं, चष्म्याची जोडी आणि आधार कार्डं घरच्या बॅगेत राहणं. कार्डाशिवाय सांकरीच्या वाटेवर नैटवाडला वनखात्याच्या चौकीवर परवान्यासाठी अडतं. सॅक रेल्वेत बर्थखाली सरकवताना तिचे पट्टे लोखंडी कोपऱ्यांत अडकून उसवतात. साध्या पोत्यात घालून तोंड बांधलं की काम झालं. वजनाचा हिशेब सोपा आहे: मुलाच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको, मोठ्यांच्या पाठीवर पाचव्या हिश्शापेक्षा.

बुटांबद्दल जरा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त फजिती इथे होते. मागच्या ट्रेकनंतर बूट माळ्यावर गेले, दोन-तीन पावसाळे तिथेच राहिले, वरून दिसतात अगदी नवे. पण तळव्याचा मधला थर पॉलियुरेथेनचा असेल तर हवेतला दमटपणा त्याला आतून कुजवतो, बूट वापरा अथवा नका वापरू. मग चालायला लागल्यावर दुसऱ्या दिवशी अख्खा सोल जिभेसारखा लोंबतो. घरीच तपासा. टाच आणि चवडा दोन हातांत धरून बूट वाकवा, बाजूने अंगठा जोरात दाबा. बारीक भेगा दिसल्या किंवा पिवळसर भुगा बोटाला लागला तर तो बूट संपला. फेविक्विकने काही होत नाही, कारण चिकटायला धरायचं ज्याला तोच थर भुसभुशीत झालेला असतो. वाटेत झालंच तर नायलॉनची दोरी चवड्यावर आणि घोट्याभोवती आडवी आवळून खाली उतरता येतं, तेवढंच.

नवे बूट संध्याकाळी घ्यावेत, जाड मोजे घालून, पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा ठेवून. निघण्याआधी दोन-दोन तासांच्या पाच-सहा फेऱ्या त्यात झाल्या पाहिजेत, सिंहगड असो की घराजवळची टेकडी. नखं दोन-तीन दिवस आधी कापा; लांब नख उतारावर बुटाच्या टोकावर आपटून काळं पडतं. फोड यायच्या आधी त्या जागी चटका जाणवतो. मूल 'गरम होतंय' म्हणालं की तिथल्या तिथे थांबून बूट काढायचा, पाय कोरडा करून चिकटपट्टी लावायची. पुढच्या थांब्यावर बघू म्हटलं की फोड आलाच.

मुलांसोबत पहिलाच लांब ट्रेक असेल तर आम्ही उत्तराखंडातलं हर की दूनचं खोरं सुचवतो. देहरादूनहून मसुरी, नौगाव, पुरोला, मोरी, नैटवाड करत सांकरीला पोचायला आठ ते दहा तास लागतात. पहाटे निघा, नाहीतर मसुरीच्या कोंडीत दोन तास जातात. उलटीची गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत निघण्याच्या तासभर आधी द्यायची, उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. रोख रक्कम पुरोल्यातच काढा. सांकरीच्या पुढे फोन लागणार नाही असंच घरच्यांना आणि काकूंना सांगून ठेवा, नाहीतर तिकडे फोनाफोनी सुरू होते.

सांकरी सुमारे १,९२० मीटरवर आहे. इथे एक दिवस राहा आणि मोकळ्या पाठीने थोडं वर जाऊन परत या. दुसऱ्या दिवशी जीपने तालुक्याला, म्हणजे तालुका नावाच्या गावाला. मराठी माणसाचा इथे हमखास गोंधळ होतो. तिथून सुपिन नदीच्या काठाने गंगाडवरून ओसला-सीमा या जोडवस्तीपर्यंत, साधारण १२-१३ किलोमीटर, उंची २,५६० मीटरच्या आसपास. वाटेत खेचरं भेटतात. त्यांना वाट देताना नेहमी डोंगराच्या बाजूला उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही. पाठीवरच्या गोणीचा धक्का त्यांना कळतही नाही. हे मुलांना जीपमधून उतरतानाच शिकवा.

सीमा ते हर की दून हे साधारण ११ किलोमीटर आणि हजार मीटरचा चढ. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा मांडला: दर पाच किलोमीटरला एक तास, वर दर सहाशे मीटर चढाला आणखी एक. त्याप्रमाणे इथे चार तासांच्या आत काम होतं. मुलं बरोबर असतील तर दुप्पट धरा, म्हणजे आठ तास. सकाळी सातला निघालात तरी दुपारचे तीन, आणि मे महिन्यातही तिथे दुपारी ढग भरून गारा पडतात. तेव्हा एका दिवसात नको. मधे कलकत्तियाधारला, तीन हजार मीटरच्या आसपास, मुक्काम करा.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघून हर की दूनला जायचं, समोर ६,२५२ मीटरचं स्वर्गारोहिणी बघायचं, डबा खायचा आणि झोपायला पुन्हा कलकत्तियाधारला उतरायचं. इथे बहुतेक कुटुंबं हिरमुसतात, वर राहायचं होतं म्हणून. पण तीन हजार मीटरच्या वर झोपायची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असा नियम आहे, आणि ३,५६६ मीटरवरचं हर की दून त्यात बसत नाही. मोठी माणसं डोकं दुखतंय, मळमळतंय असं सांगतात. लहान मूल सांगत नाही; ते किरकिर करतं, खेळ सोडतं, आवडीची चिक्कीसुद्धा नको म्हणतं. असं दिसलं की वर जायचं नाही, आणि विश्रांतीनेही कमी होत नसेल किंवा वाढत असेल तर रात्र असो की दिवस, खाली उतरायचं. डायमॉक्स हे उंचीच्या त्रासावरचं औषध शेजाऱ्याच्या सल्ल्याने देऊ नका. आठ वर्षांखालच्या मुलांना आमच्या मते सीमापर्यंतच न्यावं. नदी, दगड आणि गावातली कोकरं त्यांना पुरतात.

वर पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या भांड्यात डाळ तासभर टणटणीत राहते. कुकर नसेल तर डाळीच्या वाटेला जाऊ नये. पोहे, मेतकूट-भात, दशम्या, गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू यांवर छान भागतं. झऱ्याचं पाणी कितीही निवळ दिसलं तरी उकळूनच प्या, वरच्या अंगाला मेंढ्या असतात. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, छोटं २०० मिलीसाठी. मोठं पाकीट पेलाभर पाण्यात ढवळून दिलं तर जुलाब कमी व्हायच्या ऐवजी वाढतात. ही चूक दमलेली शहाणी माणसंही करतात.

सांकरीला परतलात की पायांचं दुखणं एक ते तीन दिवस चढतंच. ते दिवस देहरादूनच्या मोकळ्या दिवसात आणि रेल्वेत जाऊ द्या. ग्वाल्हेरला पोचाल तेव्हा भूक खवळलेली असेल. आता काकूंना मोकळं रान. मळके कपडे मात्र त्यांच्या यंत्रात थेट टाकू नका, आधी गच्चीवर झटकून बादलीत भिजवा. ओले बूट वर्तमानपत्राचे बोळे घालून सावलीत ठेवा, ४४ अंशांच्या उन्हात सोलचा गोंद सुटतो.

आणि जाताना आंबे नेलेत तसं येताना पुरोल्यात थांबून तिथला लाल तांदूळ घ्या, पाच किलो, जमल्यास थोडा राजमाही. काकूंना देताना एवढंच सांगा की हा आपल्या आंबेमोहोरासारखा लगेच शिजत नाही: तासभर भिजवायचा आणि पाणी नेहमीपेक्षा जास्त घालायचं. फ्रीजरमधला रस त्याच वेळी बाहेर काढून ठेवला तर भात होईपर्यंत सुटतो.