सुकती नसलेला समुद्र

"बोट सकाळी साडेनऊला सुटते," लेक म्हणाली आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "म्हणजे भरती किती वाजता आहे?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. ती वाढली डोंबिवलीत, आता राहते मिलानमध्ये. तिच्या लेखी बोट म्हणजे लोकल, वेळ लिहिलेली असते, त्या वेळेला सुटते. मी मालवणात वाढले. आमच्या लहानपणी होडी कधी सुटेल हे होडीवाला ठरवत नसे, चंद्र ठरवायचा. आजीला घड्याळ वाचता येत नव्हतं, पण कालवं काढायला कधी निघायचं हे ती बोटांच्या पेरांवर तिथी मोजून सांगायची. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे पाणी कमीच चढतं-उतरतं. आणि ओहोटी हा शब्द आम्हाला शाळेच्या पुस्तकात भेटला. घरात सुकती म्हणायचे. पाणी सुकतं, पुन्हा भरतं, त्यात विशेष काही नाही.

गौरी-गणपती उरकून आम्ही दोघं लेकीकडे गेलो होतो आणि तिनं आम्हाला चार दिवस सिसिलीला आणलं होतं. बेटाच्या पश्चिम टोकाला त्रापानी नावाचं गाव आहे. त्याच्या समोर समुद्रात एगादी बेटं. फाविन्याना, लेवांझो आणि लांबवर मारेत्तिमो. आठ-दहा माणसांच्या बोटीनं दिवसभर फिरायचं, मध्ये मध्ये थांबून पाण्यात डोकं घालायचं, संध्याकाळी परत. "आई, तूपण उतरायचंस," हे लेकीनं मिलानहून निघतानाच बजावलं होतं. आमच्या ह्यांना असं कुणी काही बजावत नाही, कारण ते काय करणार नाहीत ते सगळ्यांना ठाऊक आहे.

धक्क्यावर बोटवाल्याला मी लेकीकरवी तोच प्रश्न पुन्हा विचारला. पन्नाशीचा, उन्हानं रापलेला, आमच्या दांडीच्या किनाऱ्यावर उभा केला असता तर कुणी वळून बघितलं नसतं असा माणूस. त्यानं अंगठा आणि करंगळी ताणून वीत दाखवली. एवढी भरती! मालवणात उधाणाला दोन-अडीच मीटर पाणी चढताना बघितलेलं, त्यामुळे मला ती थट्टाच वाटली. पण खरंच तसं आहे. भूमध्य समुद्राचं पश्चिमेचं तोंड म्हणजे जिब्राल्टरची सामुद्रधुनी, जेमतेम १४ किलोमीटर रुंद. अटलांटिकचं पाणी त्या फटीतून पुरेसं आत येईतो तिकडे ओहोटी लागलेली असते, आणि आपली आपण मोठी भरती आणावी एवढी या बंदिस्त समुद्राची ऐपत नाही.

"पण मारोब्बियो असतो," तो म्हणाला. हवेचा दाब एकाएकी बदलला की सिसिलीच्या या बाजूच्या किनाऱ्यावर पाणी अचानक चढतं, काही मिनिटांत उतरतं, पुन्हा चढतं. कधीकधी मीटरभरसुद्धा. बांधलेल्या होड्या एकमेकींवर आपटतात. ना तिथी, ना वार. आजीनं याला काय म्हटलं असतं याचा मी विचार करत होते, तेवढ्यात बोट सुटली.

आम्ही आठजण होतो. एक फ्रेंच जोडपं, एक जर्मन आई आणि तिचा उंच, अबोल मुलगा, मिलानकडचीच एक तरुण मुलगी आणि आम्ही तिघं. बोट लाकडी, पांढरी, वर कापडाचं छप्पर. बंदराबाहेर पडताना डाव्या हाताला मिठागरं दिसली आणि त्यांच्या काठावर जुन्या पवनचक्क्या. एका वाफ्यातलं पाणी दुसऱ्यात चढवायला त्या पूर्वी लागत. मी ह्यांना म्हटलं, बघा, भरतीचा भरवसा नाही म्हणून वाऱ्याला कामाला लावलं. शिरोड्याच्या मिठागरात हेच काम उधाण फुकटात करतं. "शिरोडा इथंही आणलंस," हे म्हणाले.

पहिला थांबा फाविन्यानाच्या पूर्वेकडच्या अंगाला, काला रोस्सा. इटालियनमध्ये काला म्हणजे छोटी खाडी आणि रोस्सा म्हणजे लाल. "काला, तो लाल, आणि पाणी निळं," ह्यांनी एवढा एक विनोद केला आणि दिवसभर तोच वापरला. लाल कशामुळे, तर रक्तामुळे, असं तिथले लोक सांगतात. इसवी सनापूर्वी २४१ मध्ये, १० मार्चला, या बेटांपाशी रोमन आरमारानं कार्थेजच्या आरमाराचा पराभव केला आणि तेवीस वर्षं चाललेलं पहिलं प्यूनिक युद्ध संपलं. ते रक्त वाहून इथं आलं म्हणे. रक्ताचं काही सांगता येत नाही, पण शत्रूचं जहाज फोडायला जहाजांच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, बसवलेल्या काशाच्या धडका मात्र खऱ्या आहेत. लेवांझोच्या वायव्येला खोल तळाशी त्या वीसहून अधिक सापडल्या. आणि पहिली कुठं मिळाली? सांगतात की कुणा मच्छीमाराच्या जाळ्यात आली, त्यानं ती दातांच्या डॉक्टरला फीऐवजी देऊन टाकली आणि पोलिसांनी २००४ मध्ये त्याच्याकडून जप्त केली. दोन हजार वर्षांपूर्वीच्या आरमाराची किंमत एक कवळी. हे मला युद्धापेक्षा जास्त पटलं. आमच्याकडेही डॉक्टरला पैशांऐवजी सुरमई पोचायची.

खाडीच्या तिन्ही बाजूंनी जे उभे कडे आहेत ते मुळात कडे नाहीतच. ती खाण आहे. मऊ, पिवळसर दगडाचे चिरे शेकडो वर्षं कापून नेले आणि जे उरलं ते चौकोनी-चौकोनी, पायऱ्यांसारखं, थेट पाण्यात उतरणारं. मला तर सरळ आमची चिरेखाण दिसली. रंग तेवढा वेगळा, आपला जांभा लाल आणि हा पावासारखा. हत्यारांच्या आडव्या रेघा अजून भिंतीवर आहेत. बेटाच्या आत अशाच रिकाम्या खाणींत लोकांनी बागा केल्यात. वर सोसाट्याचा वारा, खाली खड्ड्यात निवांत लिंबं आणि डाळिंबं. आमच्याकडे सोडलेल्या चिरेखाणीत पावसाचं पाणी साठतं आणि "तिकडे जायचं नाही" अशी ताकीद असते.

ताकिदीवरून आठवलं. समुद्राबद्दल मुलींना एकच ताकीद होती, घोट्याच्या वर पाणी येता कामा नये. मुलगे धक्क्यावरून उड्या मारायचे, आम्ही त्यांचे कपडे सांभाळायचो. आज माझा भाचाच सिंधुदुर्ग किल्ल्यापाशी पर्यटकांना स्नॉर्केलिंगला नेतो, पावाचे तुकडे टाकून मासे दाखवतो. १९८७ मध्ये तिथलं पाणी सागरी अभयारण्य झालं, पुढे पर्यटक आले, आणि माहेरच्या अंगणातलं ते पाणी मी अजून आतून बघितलेलं नाही. घरच्या माणसाला कोण तिकीट काढून नेतं? अठ्ठावन्नाव्या वर्षी, परक्या देशात, भाड्याच्या मास्कमध्ये मी पहिल्यांदा तोंड बुडवणार होते.

बोटवाला मास्कच्या काचेत चक्क थुंकला, बोटानं चोळलं, विसळलं आणि माझ्या हातात दिला. मग त्याच्या लक्षात आलं असावं. त्यानं दुसरा मास्क काढून माझ्यापुढे धरला आणि खुणेनं सांगितलं, तुमचं तुम्ही थुंका. थुंकी लावली की काच धुरकटत नाही. नळीचं टोक दातांत धरायचं, नाक विसरायचं, तोंडानं श्वास. हे सांगायला सोपं आहे. मी दोनदा पाणी प्यायले, एकदा खोकत शिडी पकडली, आणि जर्मन मुलगा, जो सकाळपासून एक शब्द बोलला नव्हता, त्यानं शांतपणे माझ्या डोक्यामागचा पट्टा एक घर सैल केला. त्यानंतर जमलं.

पाणी तोलून धरतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. इथं लिटरमागे साधारण ३८ ग्रॅम मीठ आहे, आपल्यापेक्षा थोडं जास्तच. त्या जास्तीच्या चिमटीचा मला फरक कळला असं म्हणणं खोटं होईल. पण हातपाय ढिले सोडले आणि बुडाले नाही, एवढं खरं. आवाज फक्त आपल्या श्वासाचा, घोरणाऱ्या माणसाच्या शेजारी झोपल्यासारखा. (तो मला अनोळखी नाही.) आणि खाली तळ. आठ-दहा मीटर खोल असेल, पण घरातली फरशी दिसावी तसा दिसत होता. पाण्यात तरंगतं अन्न कमी, म्हणून ते एवढं नितळ. आपल्या समुद्राचा गढूळपणा हा खरं तर त्याचा भरलेला डबा आहे. इकडचा स्वच्छ, पण उपाशी.

मासे होतेच. सोनेरी आडव्या रेघांचे साल्पे कळपानं खाली गवत खात होते, अगदी शेळ्यांसारखे, एक पुढे सरकला की सगळे पुढे. काळपट, दुहेरी शेपटीचे कास्तान्योले मधल्या पाण्यात नुसते टांगलेले. आणि खडकाच्या कपारीत त्यांचीच पिल्लं, नखाएवढी, पण रंग असा निळा की दिवाळीच्या लायटिंगच्या माळेतला एकेक दिवा सुटून आल्यासारखा. मोठेपणी हेच काळपट होतात. मोरमाशासारखा एक हिरवा-केशरी मासा माझ्या काचेपर्यंत आला, आत बघितलं आणि काही विशेष नाही असं ठरवून गेला. खडकाला चिकटलेल्या जांभळ्या काटेरी चेंडूंपैकी एकानं डोक्यावर शिंपलीचा तुकडा धरला होता, दुपारच्या उन्हात पदर घ्यावा तसा. ते खरंच उन्हापासून आडोसा म्हणून धरतात, असं नंतर कळलं.

गवताबद्दल मात्र सांगायलाच हवं. आदल्या संध्याकाळी गावच्या पुळणीवर हे थांबले आणि म्हणाले, "नारळाचं सोडण इथं कुठून आलं?" वाळूत काथ्याचे गोळे पडले होते, लिंबाएवढे, तपकिरी, हाताला खरखरीत. नारळ तर दहा देशांत नाही. शिवाय काठावर सुकलेल्या पातींचा गुडघाभर थर. मी मनात म्हटलं, नगरपालिका झोपली आहे. तर ही सगळी पोसिडोनियाची पुण्याई. ही शेवाळ नाही, समुद्रात राहायला गेलेली सपुष्प वनस्पती आहे. तिला मुळं आहेत, फुलं येतात, फळंसुद्धा, त्यांना इटालियन लोक समुद्रातली ऑलिव्ह म्हणतात. ती फक्त भूमध्य समुद्रात होते आणि आडवी पसरते वर्षाला काही सेंटीमीटर. झडलेल्या पाती थंडीतल्या लाटांपुढे आडव्या पडून वाळू वाहून जाऊ देत नाहीत, आणि तिच्या तुटक्या धाग्यांना लाटा वळून वळून ते गोळे करतात. म्हणूनच आमच्या बोटवाल्यानं दिवसभरात नांगर असा टाकलाच नाही. पिवळ्या बोयांना दोर बांधायचा. नांगर ओढला गेला की शंभर वर्षांचं गवत एका झटक्यात उपटतं. वरून ते कुरण डोलताना बघितलं. वारा सुटल्यावर भातशेती हलते तसं, फक्त सळसळ नाही.

मी वर आले तेव्हा हे छपराखाली बसून ऑलिव्हच्या बिया मोजत होते. "काय बघितलंस?" मी म्हटलं, भात. त्यांनी पुढे विचारलं नाही.

जेवण बोटीवरच. पाने कुन्झातो, म्हणजे पाव उभा चिरून आत टोमॅटो, ऑलिव्हचं तेल, चीज, खारवलेली मासळी आणि ओवा वाटावा असा ओरेगानो. मी नेलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या फ्रेंच बाईनं तीन खाल्ल्या. मग फाविन्यानाच्या बंदरात तासभर. तिथं कुपा, म्हणजे ट्यूना, माशाचा जुना भलामोठा कारखाना आहे, आता संग्रहालय. १८७४ मध्ये इग्नात्सियो फ्लोरिओनं ही बेटंच विकत घेतली आणि इथला कुपा तेलात घालून डब्यांतून जगभर धाडला. दर मे-जूनला मासा अंडी घालायला अटलांटिकमधून आत येई, आणि इथले लोक जाळ्यांच्या खोल्यांमागून खोल्या करून त्याला शेवटच्या खोलीत कोंडत. तिचं नाव मृत्यूची खोली. मग सगळे मिळून, गाणी म्हणत जाळं वर ओढायचे. २००७ नंतर ते झालेलं नाही. ऐकताना मला रापण दिसत होती, तोच दोर, तीच रांग, एकाच्या हाकेवर ओढणारे वीस हात. आमच्याकडे हाक तांडेलाची. इथल्या म्होरक्याला काय म्हणायचे? राईस. सिसिलीवर दोनेकशे वर्षं अरबांचं राज्य होतं, त्यांचा हा शब्द, राईस म्हणजे प्रमुख. तोच आपल्याकडे येऊन रईस झाला आणि बंगल्यात जाऊन बसला. इथं तो उन्हात, माशांच्या रक्तात उभा होता.

लेवांझोला फार थांबलो नाही. पांढरी मूठभर घरं, निळ्या खिडक्या. तिथल्या एका गुहेत आदिमानवानं चित्रं काढली आहेत, १९४९ मध्ये ती सापडली, त्यात एक कुपाही आहे. ती बघायची तर वेगळा दिवस हवा.

पुन्हा त्रापानीला लागलो तेव्हा सहा वाजून गेले होते. सकाळी धक्क्यावरून बोटीत उतरताना एक पायरी खाली पाय टाकला होता, तो आता एक पायरी वर टाकला. तीच पायरी, तेवढीच ओली. मालवणच्या धक्क्यावर सकाळी ज्या पायरीवर उतरावं ती संध्याकाळी सापडत नाही. मी वाकून भिंतीवरची हिरवी रेघ बघितली. वीतसुद्धा नव्हती.

भावाला फोन लावला. तिकडे रात्रीचे पावणेदहा. त्याला काय बघितलं ते सांगितलं, भात, दातांचा डॉक्टर, सगळं. मग विचारलं, तुझ्याकडे आता पाणी कुठं आहे? खिडकी उघडल्याचा आवाजही आला नाही.

"बघूक कित्याक व्हया? आज आठम," तो म्हणाला. "सुकती लागली."