काळ्या मातीवर कबड्डीचं मैदान: आखणीचा माझा अनुभव

सोलापूरची काळी माती ज्वारीला सोनं, कबड्डीला मात्र वैरी. ओली झाली की तळपायाला चिकटते, वाळली की भेगाळते आणि चढाई करणाऱ्याचा पाय नेमका त्या भेगेत मुरगळतो. म्हणून आम्ही आधी वीतभर माती उकरून काढली, खाली मुरूम दाबला आणि वर चाळलेली लाल माती चार इंच पसरली. चाळण्यात कसूर नको. एक खडा वर राहिला तरी गुडघा सोलवटतो.

पाणी संध्याकाळीच मारलं. दुपारी मारलं तर वरचा थर उन्हानं कडक होतो, आत चिखल तसाच. सकाळी वाफसा आला की रोलर. मूठभर माती वळायची: गोळा झाला आणि दाबल्यावर फुटला तर वेळ बरोबर. बोटांना चिकटली तर थांबायचं, नाहीतर रोलरबरोबर थरच उचलून येतो.

खरी फसगत होते ती काटकोनात. पुरुषांचं मैदान 13 बाय 10 मीटर. चारही बाजू टेपनं बरोबर भरल्या, तरी चौकोन कललेला असू शकतो. त्यासाठी कर्ण मोजायचे, दोन्ही 16.40 मीटर आले पाहिजेत. आमचा एक नऊ सेंटिमीटर जास्त भरला, दुसरा तेवढाच कमी. एका बाजूच्या दोन्ही खुंट्या सरकवल्या तेव्हा जमलं. महिलांच्या 12 बाय 8 मैदानात कर्ण 14.42.

पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून 3.75 मीटरवर निदान रेषा, 4.75 वर बोनस रेषा. दोन्ही मापं मध्यरेषेपासूनच घ्यावीत, एकीवरून दुसरी काढली की चूक पुढे सरकते. स्पर्श न करता, निदान रेषाही न ओलांडता परतलेला चढाईपटू बाद होतो. ती रेषा चार बोटं सरकली तर तो खेळाडूवर अन्याय आहे. दोन्ही लांब कडांना आतल्या अंगाला 1 मीटर राखीव क्षेत्र, म्हणजे झटापट झाल्यावरच खेळात धरली जाणारी पट्टी. रेषा 3 ते 5 सेंटिमीटर जाड आणि मैदानाचाच भाग, म्हणून बाहेरच्या रेषांची फक्की दोरीच्या आतल्या अंगाला टाकायची. कळीचा चुना कधीच नको. घामात, डोळ्यात गेला की भाजतो.

सामन्याआधी खुंट्या उपटायच्या. मात्र प्रत्येक रेषेच्या सरळीत मैदानाबाहेर गेरूचा ठिपका ठेवतो. मध्यंतरापर्यंत निदान रेषा पायांनी पुसलेली असते. मिळतात 5 मिनिटं, तेवढ्यात ठिपक्यांवरून दोरी ताणून ती परत ओढता येते.