पहाटे येते, मग रात्री का नाही?

गुरुवार, रात्र

"जमंना झालंय" एवढं म्हणून गडी मान खाली घालतो. बायकोजवळ लिंगाला ताठरता येत नाही, असं त्याला सांगायचं असतं. त्याला पहिला प्रश्न पहाटेचा विचारावा, जाग येताना ताठरता असते का, असं माझं ठाम मत आहे. निरोगी पुरुषाला झोपेत तीन ते पाच वेळा आपोआप ताठरता येते. ती येत असेल, एकट्यानं असताना जमत असेल आणि बायकोजवळच फसत असेल, तर दुखणं बहुतेक मनाचं. पहाटेचीही हळूहळू गेली असेल, तर साखर, बीपी, कोलेस्टेरॉल तपासून घ्यायलाच हवं. लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांहून बारीक असतात. हृदयविकाराची चाहूल कधीकधी इथंच आधी लागते.

ताठरतेसाठी लिंगातले स्नायू सैल पडून आत रक्त भरावं लागतं. भीतीनं अ‍ॅड्रेनलिन वाढलं की तेच स्नायू आवळतात. दमणूक, दारू, उसाच्या थकलेल्या बिलाचा घोर, कशानंही एखाद्या रात्री फसू शकतं. पुढच्या खेपेला मात्र तो बायकोकडं नव्हे, स्वतःकडंच बघत राहतो: आलं का? टिकेल का? ही पाळतच घात करते. मग तालमीच्या कट्ट्यावर उशिरापर्यंत बसणं, ती झोपल्यावर घरी येणं. तिला वाटतं, मी आवडेनाशी झाले, नाहीतर बाहेर काहीतरी आहे. दोघंही विचारत नाहीत. उदासी वाढते, तशी इच्छाही आटते.

आपल्याकडं 'लंगोटाचा पक्का', म्हणजे ब्रह्मचर्य पाळणारा, या शिकवणीची दुसरी बाजूही आहे. वीर्य गेलं की ताकद गेली, ही भीती पोरासोरांच्या मनात घट्ट बसते. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विग यांनी १९६० साली तिला 'धात सिंड्रोम' हे नाव दिलं. वीर्य शरीरात सतत तयार होत असतं. ते गेल्यानं नपुंसकत्व येत नाही, हे पोरांना कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

उपाय दोघांनी मिळून करायचा. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकी लैंगिक संशोधकांनी १९७० मध्ये मांडलेली पद्धत आजही वापरतात. सुरुवातीला संभोग पूर्ण बंद. आठवड्यातून दोन-तीनदा, अर्धा तास, आळीपाळीनं नुसता स्पर्श. स्तन आणि जननेंद्रियं वगळून. त्यातली घाई गेली की मग तिथलाही स्पर्श, पण ताठरता आली तरी तिला मुद्दाम ओसरू द्यायची. ती परत येते, हे अंगाला कळलं की धास्ती सुटते. संभोग सगळ्यात शेवटी. बिघडतं ते इथंच: जरा जमतंय असं दिसलं की पहिल्याच आठवड्यात बंदी मोडतात, फसतं, आणि भीती दुप्पट होते. दोन खोल्यांच्या एकत्र घरात तो अर्धा तास मिळवणं हेही अवघडच. त्याची वेळ आधी ठरवावी लागते.

ताठरतेसाठीची सिल्डेनाफिलची (व्हायग्रा) गोळी डॉक्टरांनी लिहून दिली तरच. ती साधारण तासभर आधी घेतात. तांबडा-पांढरा रस्सा आणि मटण हाणून घेतली तर उशिरा लागू पडते. उत्तेजना नसेल तर तिचा उपयोग होत नाही. छातीत दुखतं म्हणून सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी चालू असेल, तर सिल्डेनाफिल घ्यायचीच नाही. रक्तदाब एकदम कोसळून जीवावर बेतू शकतं.