नकाशावर मोजण्याआधी प्रक्षेपण बघा

गोलाचा पृष्ठभाग ताणल्याशिवाय सपाट होत नाही, हे गणितज्ञ गाऊसने १८२७ मध्ये सिद्ध केलं. त्यामुळे प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याची पद्धत, निवडताना आकार जपायचा की क्षेत्रफळ, हे आधी ठरवावं लागतं. दोन्ही एकदम जमत नाही.

नकाशाकार मर्केटरने १५६९ च्या आपल्या प्रक्षेपणात कोन जपले, कारण खलाशांना दिशा हवी होती. त्याची किंमत मोठी आहे: ६० अक्षांशावर लांबी दुप्पट, क्षेत्रफळ चौपट. आफ्रिका ग्रीनलँडच्या सुमारे १४ पट असूनही दोन्ही जवळपास सारखे दिसतात. वेबवरचे बहुतेक नकाशे याच पद्धतीचे. त्यावर २० अक्षांशावरसुद्धा क्षेत्रफळ साधारण १३ टक्के जास्त भरतं! म्हणून क्षेत्रफळ समक्षेत्र, म्हणजे क्षेत्रफळ जपणाऱ्या, प्रक्षेपणातच काढावं.

छोट्या भागातल्या अंतरांसाठी यूटीएम (युनिव्हर्सल ट्रान्सव्हर्स मर्केटर) प्रक्षेपण उत्तम. त्यात पृथ्वीचे ६ रेखांशांचे ६० पट्टे असतात आणि प्रत्येक पट्ट्याच्या मध्यरेषेवर प्रमाण ०.९९९६, म्हणजे किलोमीटरमागे ४० सेंटिमीटर कमी.

सर्वाधिक घोळ होतो तो क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये. लेयरचं (नकाशावरच्या माहितीच्या थराचं) सीआरएस, म्हणजे त्यातले आकडे कोणत्या प्रक्षेपणातले आणि एककातले ते सांगणारी नोंद, नुसतं बदललं तर फक्त लेबल बदलतं, आकडे तेच राहतात. वेब नकाशांचं मर्केटर सीआरएस लावल्याने अंशांना मीटर समजलं गेलं, की अख्खा लेयर शून्य अक्षांश-रेखांशापाशी, गिनीच्या आखातात जाऊन पडतो. अशा वेळी मूळ सीआरएस परत लावा आणि ‘रीप्रोजेक्ट लेयर’ वापरून नवा लेयर बनवा.