सिंहिणीची शेपटी

म्हाताऱ्या सिंहिणीला भूल द्यायची म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून भूल न देता रक्त काढता यावं यासाठी आम्ही तिला शिकवलं. बांबूच्या टोकाच्या लाल चेंडूला नाक लावायचं, शिट्टी झाली की मांसाचा तुकडा. मग जाळीला लागून आडवं पडायचं. सगळ्यात शेवटी, खालच्या फटीतून शेपटी हातात येऊ द्यायची. ती कानडी मुलखातून आलेली, त्यामुळे घरी मराठी बोलणारा आमचा कीपर तिला ‘बा’ (ये), ‘कूतको’ (बस) असंच सांगतो. प्रेक्षकांना यातलं काही दिसत नाही. त्यांना सिंह गरजलेला हवा असतो. नाही गरजला तर खडे मारतात.

त्या दिवशी कीपरचे आजोबा आले होते. तरुणपणी सर्कशीत वाघ-सिंहांच्या पिंजऱ्यावर होते. आमच्या भागात याचं नवल नाही. १८८० साली मुंबईत ग्रेट इंडियन सर्कस सुरू करणारे विष्णुपंत छत्रे इथून जवळच्या अंकलखोपचे.

स्पिरिटने केस भिजवले की शेपटीची शीर बोटाला लागते. सुई आत गेली, लाल टोपणाची नळी निम्मी भरली आणि मागे प्रशिक्षणाला आलेल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. शेपटी माझ्या मुठीत ताठ झाली.

“टाळ्या नगं!” आजोबा दबक्या आवाजात खेकसले. “सुई हाय आत.”

कीपरने चिमट्याने तुकडा पुढे केला. ती पडून राहिली. नळी भरली.

नंतर आजोबा म्हणाले, “डॉक्टर, ही काठी, ह्यो तुकडा, समदं आमचंच की. चाबूक तेवढा दिसंना.”

“चाबूक नाही.”

“आन् तिनं नाय केलं तर?”

“उठून जाते. उद्या बघतो.”

“मग मटण?”

“ते मिळतंच. रोजच्या वजनातलंच असतं.”

ते म्हणाले, “आमच्यात घंटा झाली की जनावराचं मन कोण इचारतंय? तिकिटं खपल्याली असायची.”

मला तेव्हापासून हेच डाचतंय. १९९८ च्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांचे खेळ बंद केले, २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. योग्यच झालं. सर्कशीतून सोडवलेल्या जनावरांसाठी बंगळुरूजवळच्या बन्नेरघट्टासारखी केंद्रं झाली, पण पिंजऱ्यावरच्या माणसांना कुणी विचारलं नाही. जनावराचा कान कधी मागे पडतो हे ओळखणारी ती नजर गेली. आता आम्ही ते परदेशी व्हिडिओ बघून शिकतो.

आणि प्राणिसंग्रहालयांनीही सर्कशीला नाक मुरडू नये. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १९२६ पासून १९७२ पर्यंत चिंपांझींना टेबलाशी बसवून चहापान करवत, लोक हसायला जमत.

आता सूचना आली आहे की हे रक्त काढणं काचेआडून लोकांना दाखवावं, खुर्च्या मांडाव्यात, वेळ ठरवावी. लोकांना आमचं काम कळेल, हे मला पटतं. पण वेळ ठरली की घंटा आलीच, आणि त्या दिवशी ती उठून गेली तर खुर्च्यांवरच्या माणसांना काय सांगायचं? तिला जाऊ देणारा कीपर त्या दडपणाखाली किती दिवस टिकेल? मी लेखी विरोध कळवला आहे.

रक्ताचा अहवाल आला. क्रिएटिनिन वाढलंय, म्हणजे मूत्रपिंडांवर लक्ष ठेवायला हवं. आता तिच्याकडे दर महिन्याला शेपटी मागावी लागणार.