गादीसाठी पाच खेपा

गेल्या पावसाळ्यात माझ्या डाव्या बसायच्या हाडाखाली जखम झाली, ती एका सरकारी कचेरीच्या पॅसेजमध्ये. तिथे मी व्हीलचेअरची गादीच मागायला गेलो होतो.

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, पोफळीवरून पडलो त्याला नऊ वर्षं झाली. कमरेखाली काही कळत नाही. दाखला, दिव्यांगांचं यूडीआयडी ओळखपत्र, खुर्ची ही कामं झाली, त्याबद्दल तक्रार नाही. खुर्चीसोबतचा फोम मात्र दीड वर्षात भाकरीसारखा बसला आणि खालचं रेग्झिन झोळीसारखं लोंबायला लागलं. थेरपिस्ट बाईंनी माझ्याखाली हात घालून पाहिला. म्हणाल्या, "हाड थेट तळाला लागतंय. हवेची गादी घ्या, उशीर करू नका."

पहिल्या खेपेला खिडकीवरच्या माणसाने अर्ज चाळला आणि परत सरकवला. "खुर्ची मिळालीय ना? गादी वेगळी मिळत नाही." दुसऱ्या खेपेला डॉक्टरांची चिठ्ठी नेली, तर तीत नुसतं ‘कुशन’ लिहिलंय, कशासाठी ते नाही. तिसऱ्या खेपेला कारणासकट चिठ्ठी होती, पण साहेब मीटिंगला. "बसा, येतील."

साडेदहाला बसलो. धडधाकट माणूस बाकड्यावर बसला की न कळत या बगलेवरून त्या बगलेवर होतो, कारण खाली दुखायला लागतं. मला दुखतच नाही. म्हणून दर अर्ध्या तासाने पुढे वाकायचं, छाती मांड्यांवर टेकवायची आणि दोन मिनिटं तसंच राहायचं. हातांवर जोर देऊन क्षणभर उचललं तर पुरत नाही, रक्त परत फिरायला तेवढा वेळ लागतो. हे मला तोंडपाठ आहे. पण पॅसेज माणसांनी भरलेला. वाकलो की कुणीतरी "बाब, चक्कर आली काय?" म्हणत धावून यायचं. दोनदा वाकलो, मग सोडून दिलं. दोन वाजता सांगितलं, साहेब आज येत नाहीत.

रात्री बायकोने पाहिलं. रुपयाएवढा लाल डाग. तिने अंगठ्याने दाबून सोडला. चांगली कातडी दाबली की क्षणभर पांढरी पडते, ही लालच राहिली. चार दिवसांत तिथली साल गेली.

सात आठवडे पालथा होतो. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थीसुद्धा तशीच गेली. मधल्या खोलीत आरती चाललेली, आणि गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात त्या माटोळीला यंदा काय काय बांधलंय ते मुलगी येऊन माझ्या कानाशी सांगायची. त्याच दिवसांत चौथी खेप भावाने घातली. त्याला उत्तर मिळालं, अर्जदाराने स्वतः यावं.

पाचव्या खेपेला थेरपिस्ट बाईंचं पत्र होतं, गादी हा खुर्चीचाच भाग आहे असं स्पष्ट लिहिलेलं. खिडकीवर पुन्हा नकार आला तेव्हा म्हटलं, "नाही म्हणता ते लेखी द्या." माणूस कागद घेऊन आत गेला. दहा मिनिटांत सही होऊन आली. ही सही पहिल्याच दिवशी का होऊ शकली नाही, हे मला अजून छळतं. तुम्ही जाल तेव्हा नकार लेखी मागायला पाचव्या खेपेची वाट पाहू नका. आणि कोण काय म्हणेल ते म्हणो, वाका. शेजारी बसलेल्याला आधीच सांगून ठेवा.

अर्ज करण्याआधी पायटेकण बघा, त्याला पैसे लागत नाहीत. माझं फार वर होतं. गुडघे उचलले जायचे आणि मांड्यांवरचा भार सगळा मागच्या हाडांवर यायचा. पान्याने दोन बोटं खाली घेतलं.

गादी महिन्याभराने आली. हवा जास्त भरली की मऊ लागेल असं वाटतं, ते चुकीचं. हाड आणि तळ यांच्यामध्ये अर्धा ते एक इंच राहील एवढीच ठेवा, आणि रोज हात घालून बघा. चोर्ला घाट चढून बेळगावला गेलो तेव्हा वर ती टणक झाली, थोडी हवा सोडावी लागली. खाली उतरल्यावर परत भरली. उन्हात गाडीत ठेवली तरी तसंच होतं.

दुसरं कव्हर गादीबरोबरच मागून घ्या. आपल्याकडे आषाढात एक कव्हर धुतलं तर तीन दिवस सुकत नाही, आणि ओलसर कव्हरवर कातडी आणखी लवकर जाते.